जिथे जाता येत नाही, तिथला तास

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला सोपारा गावात एक प्राचीन स्तूप आहे. स्थानिक लोक त्या जागेला 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखतात. आसपासच्या शाळांतली कितीतरी मुले त्याच्या जवळून ये-जा करतात, पण त्यांना दिसतो तो विटांचा एक उंचवटा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकलला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. पेटीच्या मध्यभागी तांब्याची डबी होती आणि तिच्याभोवती बुद्धाच्या ब्राँझच्या आठ मूर्ती मांडलेल्या होत्या. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, दगडाच्या डबीत स्फटिकाची आणि स्फटिकाच्या डबीत सोन्याची, अशा एकात एक डब्या निघाल्या. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे आहेत, अशी श्रद्धा ते जपून ठेवण्यामागे होती. याच परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. त्या काळी सोपारा हे समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले बंदर होते.

आता इतिहासाच्या शिक्षकाने हे मुलांना दाखवायचे कसे? बंदर गाळाने बुजून गेले. डब्या आणि मूर्ती मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. स्तूपाच्या जागी उभे राहूनही मुलाला त्यातले काही दिसत नाही. अशीच अडचण विज्ञानाच्या शिक्षकाला हृदयाच्या झडपा शिकवताना येते आणि भूगोलाच्या शिक्षकाला ज्वालामुखी किंवा हिमनदी शिकवताना येते. खडू, फळा आणि तक्ता यांची तिथे मर्यादा असते.

या अडचणीवर उपाय म्हणून आता शाळांच्या दारात एक नवे साधन आले आहे. त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, थोडक्यात व्हीआर, आणि मराठीत आभासी वास्तव म्हणतात. डोळ्यांवर एक मोठा बंद चष्मा चढवायचा, की आपण वर्गात बसलेलो असूनही दुसऱ्याच ठिकाणी आहोत असे वाटू लागते. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरजवळच्या वडधामना गावात जी आधुनिक अंगणवाडी सुरू झाली, तिच्या साधनांत असे चष्मेही आहेत. म्हणजे ही गोष्ट आता परदेशातल्या श्रीमंत शाळांपुरती राहिलेली नाही. उद्या वसई-विरारमधल्या एखाद्या पालकसभेत 'आपण व्हीआर लॅब सुरू करत आहोत, शुल्कात थोडी वाढ होईल' असे सांगितले गेले, तर पालकांनी मान डोलवावी की काही विचारावे? विचारायचे तर काय विचारावे? त्यासाठी हे साधन काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घ्यायला हवे.

चित्राच्या साहाय्याने दूरचे जग जवळ आणण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांभरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. सिनेमा भारतात येण्याआधीची ही गोष्ट. जत्रेत पेटीच्या भोकाला डोळा लावून चित्रे पाहणारी पिढी अजून आपल्यात आहे. त्यानंतरच्या पिढीने 'व्ह्यू-मास्टर' नावाचे खेळणे पाहिले. गोल चकती घालून कळ दाबली, की ताजमहाल किंवा जंगलातला वाघ खोलीसकट, उठावदार दिसायचा.

त्या खेळण्यातले तत्त्व १८३८ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी मांडले होते. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटीमीटर अंतर असते. त्यामुळे एकच वस्तू प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळ्या कोनातून दिसते. हाताचे बोट नाकासमोर धरा आणि एकेक डोळा मिटून पाहा. बोट डावी-उजवीकडे सरकल्यासारखे वाटेल. मेंदू ही दोन चित्रे जुळवतो आणि त्यातून अंतर ओळखतो. मग दोन डोळ्यांना मुद्दाम दोन वेगळी चित्रे दाखवली, तर सपाट कागदावरही खोली दिसायला हवी. व्हीटस्टन यांच्या उपकरणात नेमके हेच होते.

व्हीआरमध्ये त्याला आणखी एक गोष्ट जोडली गेली. आपण मान वळवली की चित्रही वळते. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर चढवायचा असा पहिला पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. आज तेच काम मोबाइलमधले छोटे संवेदक करतात. मोबाइल आडवा धरला की चित्र आपोआप आडवे होते, ते अशाच संवेदकांमुळे. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असावा लागतो. उशीर झाला की मेंदू फसत नाही आणि डोके गरगरू लागते.

वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून मुलांना आकाश दाखवते आहे. डोक्यावर अर्धगोल छत, सगळीकडे अंधार, आणि नजर जाईल तिकडे तारे. आपण खुर्चीत बसलो आहोत हे थोड्या वेळाने विसरायला होते. व्हीआरचा चष्मा म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांवर बसवलेले छोटेसे तारांगण. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. तारांगणात सगळा वर्ग एकच आकाश पाहतो, शेजारच्याला कोपराने ढोसून 'ते बघ' म्हणता येते. चष्म्यात प्रत्येक मूल एकटे असते. शिक्षकांना ते कुठे पाहते आहे हे कळत नाही, आणि त्यालाही शिक्षक दिसत नाहीत. वर्गात हे साधन वापरताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

मग मुले याने अधिक शिकतात का? उत्तर वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील जोसेलिन पारोंग आणि रिचर्ड मेयर या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने व्हीआरमधून रक्तप्रवाहात आणि पेशीत शिरून फेरफटका मारला. दुसऱ्या गटाने तीच माहिती संगणकावर साध्या चित्रपट्ट्यांमधून, म्हणजे स्लाइड्समधून पाहिली. व्हीआर पाहणाऱ्यांना जास्त मजा आली, उत्साहही जास्त वाटला. पण परीक्षेत गुण जास्त मिळाले ते स्लाइड्स पाहणाऱ्यांना. २०१९ मध्ये कोपनहेगनच्या गुइडो माक्रान्स्की यांनी सहकाऱ्यांबरोबर ५२ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगातही असेच दिसले. प्रयोगशाळेचा तोच पाठ चष्म्यातून पाहणाऱ्यांना 'आपण खरोखर तिथे आहोत' असे जास्त वाटले, पण त्यांचे शिकणे साध्या पडद्यावर पाहणाऱ्यांपेक्षा कमी झाले.

यात नवल नाही. गणपतीच्या दिवसांत रोषणाई पाहून आलेल्या मुलाला देखाव्याचा विषय विचारला, तर त्याला दिवे आठवतात. नजरेला चहूबाजूंनी इतके काही मिळते की मुद्दा कोणता आणि सजावट कोणती, हे निवडायला मेंदूला उसंत मिळत नाही.

पण पारोंग आणि मेयर यांच्या अभ्यासाचा दुसरा भाग शिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. त्यात व्हीआरचा पाठ तुकड्यांत विभागला आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना 'आत्ता काय पाहिले' ते स्वतःच्या शब्दांत लिहायला लावले. असे लिहिणाऱ्यांना, सलग पाहणाऱ्यांपेक्षा पाठ चांगला समजला. चष्मा तोच होता आणि पाठही तोच. फरक पडला तो थांबून लिहिण्याने. आपल्याकडचा कोणताही जुना शिक्षक धडा वाचून झाला की पुस्तक मिटायला लावतो आणि 'आता तुझ्या शब्दांत सांग' म्हणतो. तीच रीत इथेही उपयोगी पडली.

यावरून पस्तीस मिनिटांच्या तासाची आखणी कशी करावी, हे ठरवता येते. समजा, हृदयाचा पाठ आहे. पहिली दहा मिनिटे चष्मा कपाटातच राहू द्यावा. मुलांनी स्वतःच्या मनगटावर नाडी मोजावी, वहीत हृदयाच्या चार कप्प्यांची आकृती काढावी, आणि शिक्षकांनी एकच प्रश्न फळ्यावर लिहावा : 'रक्त उलटे का वाहत नाही?' मग चष्म्यातून पाच मिनिटे हृदयाच्या आत जावे आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधावे. चष्मा काढल्यावर लगेच वही उघडावी. झडप कधी मिटली, रक्त कुठून कुठे गेले, हे शब्दांत आणि बाणांनी मांडावे. उरलेला वेळ चर्चेला. पाहणे पाच मिनिटांचे आणि विचार करणे अर्ध्या तासाचे, असे प्रमाण ठेवले तर हे साधन कामाला येते.

याचा एक फायदा खर्चातही होतो. साठ मुलांच्या वर्गाला साठ चष्मे लागत नाहीत. चार-पाच चष्मे असले तरी गट करता येतात. गटातल्या एकाने पाहावे आणि बोलून सांगावे, बाकीच्यांनी न पाहता त्याच्या वर्णनावरून चित्र काढावे. मग पाळी बदलावी. वर्णन करताना पाहणाऱ्याला नेमके शब्द शोधावे लागतात, ऐकणारे त्याला 'वरून की खालून?', 'किती मोठे?' असे विचारून भंडावतात. विज्ञानाच्या तासात भाषेचाही तास होऊन जातो, आणि चष्म्यातला एकटेपणाही राहत नाही.

कोणत्या पाठाला चष्मा वापरावा, यासाठी एक साधी कसोटी लावता येईल. जिथे मुलाला प्रत्यक्ष नेता येत नाही, तिथेच तो वापरावा. फार दूरची ठिकाणे, फार लहान गोष्टी, धोक्याचे प्रयोग आणि काळाच्या ओघात नाहीशी झालेली जागा, हे त्याचे खरे विषय. मंगळाची जमीन हे एक उदाहरण. 'क्युरिऑसिटी' गाडीने टिपलेली तिथली चौफेर दृश्ये नासाने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. पेशीचे केंद्रक, तीव्र आम्लाचा प्रयोग आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे सोपारा बंदर ही आणखी काही.

याउलट, जे सायकलच्या टप्प्यात आहे ते चष्म्यात दाखवू नये. वसईच्या मुलांना मिठागर, तिवरांचे जंगल, केळीची बाग आणि बंदरावर लागलेली होडी चष्म्यातून दाखवणे म्हणजे घरी विहीर असताना बाटलीबंद पाणी विकत घेण्यासारखे आहे. चष्म्यात चिखलाचा वास येत नाही, पाय रुतत नाहीत आणि मीठ गोळा करणाऱ्या माणसाला प्रश्नही विचारता येत नाही.

वसईच्या किल्ल्याचे उदाहरण घेऊ. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकला. तट सुरुंग लावून फोडावा लागला होता. किल्ला आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे, म्हणून आधी तिथे चालतच जावे. तटाची जाडी पावलांनी मोजावी, दोन दरवाजांपैकी समुद्राकडचा कोणता आणि जमिनीकडचा कोणता ते ओळखावे, पडक्या चर्चच्या भिंतींत उभे राहावे. मग वर्गात परत आल्यावर प्रश्न पडतात. या भिंतींवर छत कसे होते? सुरुंग कुठून नेले असतील? चर्चच्या घंटा कुठे गेल्या? आता चष्म्याचे काम सुरू होते. छतासकट उभा केलेला किल्ला त्यात दाखवता येईल. घंटेच्या शोधात नाशिकला जाता येईल, कारण तिथल्या नारोशंकर मंदिरातली मोठी घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणूनच ओळखली जाते. नाशिकच्या एखाद्या शाळेने मंदिराचे चौफेर छायाचित्र काढून वसईच्या शाळेला पाठवावे आणि वसईच्या शाळेने किल्ल्याचे छायाचित्र नाशिकला पाठवावे. असे छायाचित्र काढणारे कॅमेरे आता मिळतात, आणि आठवी-नववीची मुले ते सहज हाताळू शकतात. दुसऱ्याने बनवलेले पाहण्यापेक्षा स्वतः बनवताना मुले कितीतरी अधिक शिकतील.

असे तंत्र खेड्यातल्या शाळेतही रुजू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे ते घरोघरी माहीत झाले. इंटरनेटवरून आपल्या आणि परदेशातल्या वर्गांसाठी आभासी सहली घडवणे, हाही त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. त्यासाठी महागडे चष्मे लागले नाहीत. संगणक, इंटरनेट आणि पलीकडे बोलणारे जिवंत माणूस यांच्यावर ते काम झाले.

उपकरणे घेण्याआधी जुना अनुभवही आठवावा. मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवायला पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. गूगलने २०१५ मध्ये शाळांसाठी 'एक्स्पिडिशन्स' नावाची आभासी सहलींची योजना आणली होती, पुठ्ठ्याच्या स्वस्त चष्म्यातून जगभरच्या जागा दाखवणारी. २०२१ मध्ये कंपनीने ती बंद केली, त्या पुठ्ठ्याच्या चष्म्यांची विक्रीही थांबवली. चष्म्याचा आराखडा मात्र खुला केलेला असल्याने आजही तो कोणाला बनवता येतो. यातून शिकायचे ते एवढेच, की यंत्र विकत घेता येते, पण त्यात दाखवायचे पाठ कोण बनवणार, कोणत्या भाषेत बनवणार आणि पाच वर्षांनी ते चालू राहतील का, हे आधी पाहावे लागते. आज मिळणारे बहुतेक पाठ इंग्रजीत आहेत. ज्या भागात घरी कादोडी, वाडवळी किंवा वारली बोलली जाते, तिथे मराठीसुद्धा काही मुलांना शाळेतच नीट भेटते. परक्या भाषेतला आवाज कानांत आणि नवे जग डोळ्यांत, असा दुहेरी भार त्या मुलावर पडू नये.

तब्येतीचाही विचार हवा. चष्म्यात डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला शरीर स्थिर असल्याचे कळत असते. या विसंगतीमुळे काही मुलांना बस लागावी तशी मळमळ होते. म्हणून पाठ बसून, थोडा वेळ आणि गरगरत असल्यास लगेच चष्मा काढण्याची मुभा देऊन घ्यावा. फिट येणाऱ्या किंवा डोळ्यांचा त्रास असलेल्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापर करू नये. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जाताना चष्मा पुसलाच पाहिजे. वयाचेही भान हवे. 'क्वेस्ट' चष्मे बनवणाऱ्या मेटा कंपनीने आधी तेरा वर्षांची किमान मर्यादा ठेवली होती. २०२३ मध्ये ती पालकांच्या देखरेखीच्या अटीवर दहा वर्षांवर आणली. त्याहून लहान मुलांना खेळायला माती, पाणी, ठोकळे आणि गोष्टी पुरतात.

शेवटचा प्रश्न समान संधीचा. शुल्क भरू शकणाऱ्या शाळेत चष्मे येतील आणि शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येणार नाहीत, असे होण्याचा धोका आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे वर्षात मोजक्याच पाठांना चष्मा लागत असेल, तर प्रत्येक शाळेने स्वतःचा संच घेण्याचीही गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रे असतात आणि केंद्रप्रमुख त्या शाळांना भेटी देत असतात. एका केंद्राला एक पेटी, तिच्यात चार-पाच चष्मे, मराठीतले निवडक पाठ आणि प्रत्येक पाठाबरोबर प्रश्नांचा कागद, अशी व्यवस्था केली तर फिरत्या वाचनालयाप्रमाणे ती शाळाशाळांत जाऊ शकेल. खासगी शाळाही आपसांत असे करू शकतात.

तेव्हा पालकसभेत व्हीआरचा विषय निघाला, तर पालकांनी संकोच न करता पाच गोष्टी विचाराव्यात. वर्षभरात कोणकोणत्या पाठांना हे वापरणार? पाहून झाल्यावर मुले काय लिहिणार, काय करणार? पाठ कोणत्या भाषेत आहेत? बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार? आणि याच्या खर्चापायी प्रयोगशाळा, ग्रंथालय किंवा सहल यांपैकी काही कमी होणार आहे का? या प्रश्नांची शाळेकडे नीट उत्तरे असतील, तर चष्मे खुशाल घ्यावेत. उत्तरे नसतील, तर त्या पैशांत आधी एक बस ठरवावी, आणि मुलांना एकदा सोपाऱ्याच्या स्तूपाकडे, एकदा किल्ल्यावर आणि एकदा वरळीच्या तारांगणात न्यावे. प्रश्न घेऊन परतलेल्या मुलांना चष्मा पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल.